विश्वासू हातांची नावे

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस नागपूर जिल्ह्यातील आमच्या एका खेड्यातील मंडळीने आपल्या प्रार्थनामंदिराची पडलेली भिंत पुन्हा उभी केली. पत्रे व सिमेंट यांचा खर्च परगावच्या एका सद्‌गृहस्थांनी दिला. दगड, माती, पाणी व मजुरी ही गावची. दारावर बसवावयाच्या शिळेचा मजकूर लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही वर त्या सद्‌गृहस्थांचे नाव घातले, त्याखाली तारीख घातली, आणि सर्वांत खाली ‘मंडळीच्या प्रेमळ साहाय्याने’ असे शब्द लिहिले. हे शब्द लिहिताना आम्हांस समाधानही वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

अर्पणविधी झाल्यावर मंडळीतील एका वृद्ध बाईने आपल्या नातवाकडून ती शिळा वाचवून घेतली. दीड महिना ओढ्यावरून डोक्यावर पाणी वाहून आणणाऱ्या बायांत ती होती. तिने आम्हांस रागाने नव्हे, खरोखरीच जाणून घ्यावे म्हणून विचारले, “पाळकसाहेब, आमी कुठी आहो जी याच्यात?” आम्ही पाळकास शोभेल असे उत्तर दिले, की बाई, तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत. तिने हात जोडले व ती पंगतीचे वाढावयास गेली. आमचे उत्तर खोटे नव्हते. परंतु परतीच्या वाटेवर एस.टी.त बसल्याबसल्या आम्हांस वाटू लागले की तिने जे विचारले होते त्याचे ते उत्तरही नव्हते. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे, आणि तो ज्या एका जुन्या हकिकतीकडे आम्हांस घेऊन गेला ती वाचकांपुढे ठेवावी अशी इच्छा आहे. खेड्यापाड्यांतून काम करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस ती विशेष आपलीशी वाटेल असे आम्हांस वाटते.

पोर्तुगाल देशाची राजधानी जी लिस्बन, तिच्या एका जुन्या भागात कापेलू व इव्हेंश अशा नावांचे दोन रस्ते आहेत. ही नावे पोर्तुगालच्या आरमारातील दोन अधिकाऱ्यांची होत. एर्मेनेजिल्दु कापेलू हे 1841 साली जन्मले व 1917 साली वारले. रोबेर्तु इव्हेंश हे 1850 साली जन्मून 1898 साली वारले. या दोघांनी 1884 साली आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मोसामेदिश बंदरातून प्रस्थान केले आणि 1885 च्या जून महिन्यात पूर्व किनाऱ्यावरील केलिमान येथे ते बाहेर पडले. मधला सारा खंड त्यांनी पायी तुडविला. हेतू केवळ विद्येचा नव्हता. अंगोला व मोझांबिक यांच्यामधील मुलूख आपला, असे पोर्तुगालास जगाला सांगावयाचे होते. 1886 साली त्याने आपल्या नकाशावर तो मुलूख गुलाबी रंगाने रंगविलाही, आणि 1890 च्या जानेवारीत इंग्रजांनी दटावल्यावर तो रंग पुसावा लागला. त्या मुलखात राहणाऱ्या लोकांस मात्र ना रंगविणाऱ्यांनी विचारले, ना पुसावयास लावणाऱ्यांनी.

आता एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. त्या काळी मध्य आफ्रिकेत गाडी जात नसे व घोडा-बैल टिकत नसे, कारण तेथे त्सेत्से नावाची एक माशी असते. तिच्या दंशाने जनावरे रोगी होऊन मरतात. म्हणून कापड, मणी, बंदुका, औषधे, तंबू, होकायंत्रे, जे काही न्यावयाचे ते माणसाच्या डोक्यावरून. ‘अमक्या साहेबांनी आफ्रिका ओलांडली’ या वाक्यात साहेबांमागून ओझे घेऊन चाललेली माणसांची एक लांब रांग लपलेली असते. तिच्यातील कोणाच्या नावाचा रस्ता लिस्बनात असल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. खुद्द पोर्तुगीजांच्याच कागदांत असे नमूद आहे की कापेलू-इव्हेंश यांच्या सत्तरांहून अधिक वर्षे आधी पेद्रो जोआव बाप्तिस्ता व त्याचा एक जोडीदार हे दोन काळे इसम अंगोलाहून धन्याचे पत्र घेऊन निघाले व वाटेत कित्येक वर्षे अडकून पडूनही 1811 साली मोझांबिकातील तेते गावी पोहोचले. ते आरमाराचे अधिकारी नव्हते. धन्याचे दास होते.

असो. लिस्बन दूर आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते नाशिकचे.

नाशिक शहरात आज शरणपूर रोड या नावाने जो गजबजलेला रस्ता आहे, त्याच्या नावातील शरणपूर ही एके काळी चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेली ख्रिस्ती वस्ती होती. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1850 नंतरच्या दशकात ती उभी केली. अरबांच्या गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकी मुले इंग्रजी आरमाराच्या जहाजांनी सोडविली म्हणजे त्यांपैकी पुष्कळांस मुंबईस आणीत, आणि त्यांतील कित्येक शरणपुरास पाठविली जात. तेथे ती लिहावयास-वाचावयास शिकत, सुतारकाम व लोहारकाम शिकत, आणि बाप्तिस्मा घेत. त्यांचे आईबाप कोठे आहेत हे कोणास ठाऊक नसे. पुष्कळांस आपले मूळ नावही धडसे आठवत नसे. इंग्रजांची आडनावे त्यांस मिळाली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फेरार ही नावे वाचून वाचकांस वाटेल की हे लंडनचे साहेब. परंतु ही नाशिकची पोरे होत.

डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे नाव आमच्या बहुतेक वाचकांनी रविवारच्या शाळेत ऐकले असेल. 1864 साली त्यांनी आपली ‘लेडी न्यासा’ ही लहानशी आगबोट जांजिबारहून निघून पंचेचाळीस दिवसांत समुद्र ओलांडून मुंबईस आणली. बोटीवर चुमा व विकाटानी नावाची दोन मुले होती. 1861 साली गुलामांच्या एका तांड्यातून त्यांची सुटका झाली होती. त्यांस लिव्हिंग्स्टन यांनी मुंबईत डॉक्टर जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेविले. ही शाळा स्कॉटलंडच्या त्याच फ्री चर्चची, जिने 1845 साली आमच्या नागपुरास स्टीफन हिस्लॉप यांस पाठविले. मुंबईतच चुमाचा बाप्तिस्मा झाला व त्यास जेम्स हे नाव मिळाले. 1866 च्या आरंभी लिव्हिंग्स्टन पुन्हा आफ्रिकेस निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर ही दोन मुले, शरणपूरचे नऊ तरुण, शुपांगा गावचा सुसी, कोमोरो बेटांवरचे दहा इसम आणि मुंबईच्या मरीन पलटणीचे तेरा शिपाई होते. या शिपायांविषयी अभिमान बाळगण्याजोगे काही नाही. त्यांनी उंटांस व म्हशींस मारमारून हैराण केले, कामात चुकारपणा केला, आणि शेवटी त्यांस परत लावून द्यावे लागले. बेटांवरचे लोक तर वाटेतूनच पळाले, आणि आपला पगार बुडू नये म्हणून त्यांचा म्होरक्या मूसा याने डॉक्टरसाहेबांस रानटी लोकांनी ठार केले अशी कंडी जांजिबारास पिकविली. पुढे 1867 साली मुद्दाम माणसे पाठवून शोध केल्यावर ती खोटी ठरली. मूसाची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचे पुढे कारण आहे.

1872 साली, लिव्हिंग्स्टन फार दिवस दिसले नाहीत म्हणून, नाशिकच्या आणखी काही तरुणांस त्यांच्या शोधार्थ निघालेल्या मंडळीबरोबर पाठविण्यात आले. जेकब वेनराइट त्यांतच होता. स्टॅन्ली साहेबांनी निवडून पाठविलेल्या टोळीबरोबर हे तरुण त्या वर्षीच्या ऑगस्टात लिव्हिंग्स्टन यांस जाऊन मिळाले. पुढे नऊ महिन्यांनी, 1873 च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस, बांगवेऊलू सरोवराच्या दक्षिणेस चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी, पहाटेच्या सुमारास, दाराशी निजणाऱ्या मज्वारा नावाच्या पोराने सुसीस उठविले. आत जाऊन पाहतात तो डॉक्टरसाहेब बिछान्याशी गुडघे टेकून बसलेले, डोके हातांत, देह थंड.

येथून पुढची गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते.

धनी मेला म्हणजे चाकरी संपली. कायद्याने पाहिले तर त्या सुमारे साठ माणसांवर कोणतेही बंधन उरले नाही. समुद्र हजार मैलांहून दूर. नागपूरहून मुंबईस पायी जावे व पायीच परत यावे एवढी ती वाट. मध्ये दलदली, ताप, वाटेवर जकात मागणारे सरदार. त्या देशात प्रेत घेऊन फिरणे म्हणजे गावोगावी वैर ओढवून घेणे, कारण प्रेतामागे चेटूक येते अशी लोकांची समजूत होती. ओझ्यांत कापड होते, बंदुका होत्या. वाटून घेऊन पांगले असते तर त्यांस विचारणारा कोण होता? त्यांनी सकाळी बसून विचार केला आणि ठरविले की देह समुद्रापर्यंत न्यावयाचा. आधी सामानाच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या आणि जेकबकडून एकूण एक वस्तूची यादी लिहून घेतली, म्हणजे पुढे कोणावर आळ येऊ नये. मरण चितांबोपासून लपवून ठेवण्याचा त्यांनी पहिल्याने प्रयत्न केला, परंतु त्यास ते कळलेच; आणि कळल्यावर तो रागावला नाही, उलट आपल्या लोकांस घेऊन शोक करावयास आला. मग जांजिबारास एका डॉक्टरकडे चाकरीस राहिलेल्या फरजला नावाच्या इसमाने शरीर उघडून काळीज व आतडी काढिली. ती एका पत्र्याच्या पेटीत घालून एका मोठ्या झाडाखाली पुरली, व जेकबने प्रेतविधी वाचला. उरलेल्या देहास मीठ लावून तो चौदा दिवस उन्हात सुकविला. कापडात, मग झाडाच्या सालीत, मग शिडाच्या कापडात गुंडाळला, आणि एका लांब काठीस बांधून दोघांनी खांद्यावर घेतला.

आणि जेकबने त्या झाडावर अक्षरे कोरली. लिव्हिंग्स्टन यांचे नाव, तारीख, आणि त्याखाली आपल्या सोबत्यांपैकी काहींची नावे.

ऑक्टोबरात ही मंडळी उन्यान्येंबे येथे पोहोचली. तेथे लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस निघालेला इंग्रज आरमाराचा लेफ्टनंट कॅमेरॉन तापाने आजारी होऊन पडला होता. चुमाने पुढे जाऊन त्यास जेकबने लिहिलेले पत्र दिले. कॅमेरॉनने सुचविले की देह येथेच पुरावा. पुढची वाट धोक्याची आहे, आणि डॉक्टरांची पत्नी याच आफ्रिकेच्या भूमीत, शुपांगा येथे, 1862 पासून निजली आहे. तिच्याच भूमीत राहावे असे त्यांसही वाटले असते. त्यांनी ऐकून घेतले व नकार दिला. साहेबाचे न ऐकणे हे त्या काळी लहान धाडस नव्हते. (हाच कॅमेरॉन पुढे चालत चालत 1875 च्या नोव्हेंबरात पोर्तुगीजांच्या अंगोला किनाऱ्यावर निघाला, आणि मोठा प्रवासी म्हणून त्याची कीर्ती झाली.)

आता आम्ही क्षणभर थांबून एक अवघड गोष्ट सांगतो, जी उपदेशांत सहसा सांगत नाहीत. कॅमेरॉनचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. 1868 च्या जून महिन्यात लिव्हिंग्स्टन यांनी एका रानात एक एकटी कबर पाहिली होती, आणि आपल्यासही अशीच शांत रानातील कबर आवडेल असे त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेविले होते. ती रोजनिशी अखेर इंग्लंडात छापली गेली, पण ती लिहिणाऱ्याची ही इच्छा त्याचा देह वाहणाऱ्यांपैकी कोणी वाचली असेल असे वाटत नाही. मग त्यांनी निष्ठा राखली ती कोणाच्या इच्छेशी? मृताच्या नव्हे. तरी त्यांस दोष देववत नाही. मृत बोलत नाही. जिवंतांस आपल्या बुद्धीस जे योग्य दिसते तेच करावे लागते. त्यांच्या बुद्धीस दिसले की या माणसाचे आप्त दूर देशी आहेत व त्यांचे माणूस त्यांच्या हवाली केले पाहिजे. ज्या मुलांस त्यांच्या स्वतःच्या आईबापांच्या हवाली कोणी केले नाही, त्यांच्या मनात हा विचार यावा, याचे आम्हांस फार वाटते. आणि पाहा, काळीज तर त्यांनी रानातच ठेविले. न कळत अर्धी इच्छा पुरीही केली.

कोणी म्हणेल, यात निष्ठा कसली? मूसा खोटे बोलून पकडला गेला होता; रिकाम्या हातांनी गेलो तर आपल्यासही खोटे, कदाचित खुनी ठरवतील, या भीतीने त्यांनी देह पुराव्यादाखल नेला. हा तर्क आम्ही झिडकारीत नाही. ज्याचा शब्द जग खरा मानीत नाही त्यास आपला प्रामाणिकपणाही पाठीवर वाहून दाखवावा लागतो, हे आमच्या खेड्यांतील बंधूंस वेगळे सांगावयास नको. पण भीती माणसास दहा कोस नेईल, पन्नास कोस नेईल. नऊ महिने नेणार नाही. निदान एवढे तरी खरे की ज्यास केवळ पुरावा हवा होता त्यास रोजनिशी, होकायंत्र व टोपी पुरेशी होती.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. कासेकेरा गावी लोकांनी प्रेत पुढे नेऊ देण्याचे नाकारले. तेव्हा आमच्या मंडळीने देह व्यापारी कापडाच्या गाठोड्यासारखा बांधला, आणि दुसरे एक खोटे प्रेत गवत-काठ्यांचे करून, आम्ही ते उन्यान्येंबेस पुरावयास परत पाठवितो असे सांगून, गाजावाजा करून माघारी धाडिले. वाहकांनी रानात ते मोडून फेकले व रात्री परत येऊन सोबत्यांस गाठले. गावकरी फसले, देह पुढे गेला. ही लबाडी होती. नाशिकच्या शाळेत नववी आज्ञा शिकलेल्यांनी ती केली. आम्ही तिला पांघरूण घालणार नाही, आणि ती करणाऱ्यांवर दगडही उचलणार नाही. चितांबोजवळ उघडे सत्य चालले, कासेकेराजवळ चालले नसते, हे त्यांस अनुभवाने दिसत होते. एवढेच म्हणतो की ज्या पुस्तकांत ही हुशारी मोठ्या कौतुकाने सांगितलेली असते, त्यांतील एखाद्या लेखकाने कासेकेराच्या लोकांच्या बाजूने एक ओळ लिहावयास हवी होती. गाव त्यांचे होते.

1874 च्या फेब्रुवारीत ते बागामोयो येथे समुद्राकाठी आले. जांजिबारच्या इंग्रज वकिलातीने देह ताब्यात घेतला, मजुरी चुकविली व सर्वांस निरोप दिला. हजार मैल वाहून आणल्यावर देहाबरोबर जहाजावर चढावयास मिळाले ते एकट्या जेकबला, तेही मिशनने खर्च दिला म्हणून. सिंहाने पूर्वी मोडलेल्या डाव्या दंडाच्या हाडावरून लंडनच्या वैद्यांनी देह ओळखला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबे या राजांच्या दफनस्थानी तो पुरला, आणि पेटीस हात लावणाऱ्यांत जेकब होता. चुमा व सुसी यांस एका स्नेह्याने नंतर स्वखर्चाने इंग्लंडास नेले. ते पोहोचले तेव्हा दफन होऊन गेले होते. भूगोल मंडळाने साठ माणसांकरिता पदके पाडली. ती जांजिबारास गेली तोपर्यंत बहुतेक मंडळी निरनिराळ्या तांड्यांबरोबर दूर निघून गेली होती, व कित्येकांच्या हाती आपले पदक कधीच पडले नाही.

ॲबेमधील त्या कबरेवरील शिळा आजही आहे. तिच्या आरंभीच लिहिले आहे की विश्वासू हातांनी याला भूमीवरून व समुद्रावरून येथे आणिले. हात म्हटले आहे. चुमा नाही, सुसी नाही, जेकब नाही, सैंपाक करणारी हलिमा नाही. हे शब्द लिहिणारा कृतघ्न नव्हता. बहुधा लिहिताना त्यास समाधानही वाटले असेल. रानातील झाडावर सुरीने कोरणाऱ्या नाशिकच्या पोरास जे सुचले ते त्यास सुचले नाही, एवढेच.

आणि येथे आम्हांस आमची स्वतःची शिळा दिसू लागली.

आम्हांस कोणी शास्त्र दाखवील, की उजवा हात काय करतो हे डाव्यास कळू देऊ नये असे प्रभूने शिकविले आहे. मग नावाची हाव कशास? याबेश-गिलादच्या शूर पुरुषांनी रात्रभर चालून शौलाचा देह शत्रूच्या तटावरून काढून आणिला, तरी त्यांपैकी एकाचेही नाव शमुवेलाच्या पुस्तकात नाही. हे खरे आहे. परंतु ती आज्ञा देणाऱ्यास आहे. ज्यास मिळाले त्यास नाही. माझे नाव लिहू नका असे पाणी वाहणारी बाई म्हणाली तर तो तिचा नम्रपणा; तुझे नाव लिहावयाचे कारण नाही असे आम्ही म्हटले तर तो आमचा नम्रपणा होत नाही. एकाचा गुण दुसऱ्याने त्याच्या वतीने आचरावा असे कोठे सांगितले आहे? आणि हेही पाहावे की हा उपदेश आम्ही कोणास करतो. पत्रे देणाऱ्या सद्‌गृहस्थांस आम्ही डाव्या-उजव्या हाताचे वचन वाचून दाखविले नाही. ते पाणी वाहणारीपुरते राखून ठेविले.

शास्त्रातच नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आहे. वाचनाच्या क्रमात तो आला की आमचे उपदेशक बहुधा तो गाळतात, कारण त्यात नावांवाचून दुसरे काही नाही. यरुशलेमेची पडकी भिंत कोणी कोठवर बांधली, ते एकेकाचे नाव घेऊन लिहिले आहे; सोनार, अत्तरवाले, व्यापारी, आणि शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याच्या मुलीसुद्धा. तकोवकरांच्या सरदारांनी कामास मान लावली नाही, हेही लिहून ठेविले आहे. आम्ही पंधरा-वीस वर्षे तो अध्याय गाळीत आलो. भिंत बांधली गेली तेव्हा कळले की तो कशासाठी आहे.

नावात एवढे काय आहे, असे तरुण वाचक विचारतील. आमचे मत असे, की नाव राहिले म्हणजे माणूस माणूस म्हणून राहतो, गुणदोषांसकट. ‘विश्वासू हात’ कधी भांडत नाहीत, म्हातारे होत नाहीत, पगार मागत नाहीत. जेकब वेनराइट मात्र भांडला. इंग्लंडात काही मंडळीस तो गर्विष्ठ वाटला. पुढे त्याचे कोठे फारसे बस्तान बसले नाही, आणि 1892 साली उरांबो येथे तो वारला. चुमा उत्तम तांडेनायक झाला व 1882 साली क्षयाने गेला. सुसी त्या प्रवासात ख्रिस्ती नव्हताच. त्याने 1886 साली बाप्तिस्मा घेतला व डेव्हिड हे नाव पत्करले. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासास 1935 पर्यंत जगला. जेकबची रोजनिशी 1874 मध्येच जर्मन भाषेत छापली गेली होती, परंतु तिचे मूळ हस्तलिखित सर्वांस वाचावयास मिळण्यास 2019 साल उजाडले. या साऱ्या गोष्टी कळावयास आधी त्यांची नावे कळावी लागली. हातांवरून चरित्र लिहिता येत नाही.

शरणपूरच्याच आणखी एकाचे नाव येथे घातल्यावाचून आम्हांस राहवत नाही. विल्यम जोन्स यांस 1885 साली मोंबासाकडे बिशप हॅनिंग्टन यांनी दीक्षा दिली, व त्याच वर्षी ते बिशपांबरोबर युगांडाच्या वाटेस लागले. ऑक्टोबरात बिशप मारले गेले. मागे राहिलेल्या माणसांस सांभाळीत जोन्स 1886 च्या फेब्रुवारीत राबाई येथे परत आले ते एक निळे निशाण धरून. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, ईखाबोद. त्याचा अर्थ आमच्या वाचकांनी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात काढून पाहावा. पाळकाचे असे काम आम्ही दुसरे फारसे ऐकले नाही.

आमच्या नागपूरकरांसही या बाबतीत फार दूर बोट दाखविण्याचा अधिकार नाही. हिस्लॉपसाहेब 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटाजवळ पुराच्या नाल्यात बुडून वारले. त्यांचे नाव येथील महाविद्यालयास आहे, आणि तसे असणे योग्यच आहे. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांतून टेंपलसाहेबांनी 1866 साली गोंडांविषयी जो ग्रंथ काढिला, त्यात लिंगोचे लांब गीत आहे. ते एका परधानाच्या तोंडून उतरून घेतलेले. ग्रंथाच्या पहिल्या पानावर हिस्लॉप व टेंपल यांची नावे आहेत. गाणारा कोण?

गेल्या महिन्यात आम्ही त्या खेड्यात पुन्हा गेलो. पत्रे देणाऱ्या सद्‌गृहस्थांस आधी पत्र लिहून विचारले होते. त्यांचे उत्तर आले की माझे नाव लहान केले तरी चालेल. मिस्त्रीने शिळा पाहून सांगितले की खाली चार बोटे जागा आहे, पण तेवढ्यात सगळी नावे बसणार नाहीत, दुसरा दगड लागेल. उपदेशकाने घरोघर जाऊन यादी केली. एकतीस नावे निघाली. त्यांपैकी दोघांविषयी वाद आहे. ते दोनच दिवस आले होते असे काहींचे म्हणणे. मुकादमाने मजुरी घेऊन काम केले, त्याचे नाव घालावे की नाही यावरही मंडळीत दोन मते आहेत, व आम्ही घालावे या मताचे आहोत. पाणी वाहणाऱ्या त्या बाईस तिचे नाव कसे लिहावे असे विचारले, तर तिने नवऱ्याचे नाव सांगितले. तिचे स्वतःचे विचारल्यावर ती हसली, थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग तिने माहेरचे नाव सांगितले. ते नातवासही ठाऊक नव्हते.